विकलंत ना? मग ते आमचं राहू द्या

प्रति,
संगणकावरचे खेळ विकणाऱ्या, त्यांना लागणारी, पडद्यावर चित्रं उमटवणारी ग्राफिक्स कार्डं विकणाऱ्या आणि या सगळ्याच्या बुडाशी असणारी विंडोज विकणाऱ्या कंपन्यांचे मालक आणि मॅनेजर मंडळी,
मुक्काम : तुमचे सर्व्हर जिथं असतील तिथं

विषय : पैसे घेऊन झाल्यावर वस्तू परत नेण्याबाबत

स. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहायची वेळ तुमच्यापैकीच एकानं आणली. गेल्या महिन्यात एक मेल आला. मी पाच वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेल्या, मित्रांबरोबर टोळी करून खेळायच्या एका खेळाचे सर्व्हर अमुक तारखेला कायमचे बंद होणार, त्यानंतर खेळ सुरूच होणार नाही, आजवरच्या साथीबद्दल मनापासून आभार, असा मजकूर. पैसे परत देण्याबद्दल अवाक्षर नाही. चार ओळी उत्तर लिहावं म्हणून बसलो, तर ज्या पत्त्यावरून मेल आला होता त्याचं नावच ‘नो रिप्लाय’. दार आतून लावून घ्यायचं आणि फटीतून आभार मानायचे, असा हा प्रकार. मग म्हटलं, दाराबाहेर उभं राहूनच बोलू. येणाऱ्याजाणाऱ्यालाही ऐकू जाईल.

मी कोल्हापूरचा, राहायला शाहूपुरीत. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशिनचे प्रोग्रॅम लिहितो आणि रात्री जेवणं झाली की तास-दीड तास खेळतो. वय चाळिशीला टेकलंय, त्यामुळं ‘पोरखेळ’ हा शब्द घरात रोज कानावर येतो. त्यावर माझं काही म्हणणं नाही, कारण तो खराच आहे. गल्लीतल्या निम्म्या घरांतले कॉम्प्युटर मी जोडून दिलेत. पैसे घेत नाही, चहा घेतो. तेव्हा खाली जे लिहिलंय ते हातात स्क्रू ड्रायव्हर धरून शिकलेलं आहे, कुणाचं ऐकून नाही.

आधी एका चकतीची गोष्ट सांगतो.

२००९ साली आमच्या दोस्तमंडळीत खेळ विकत घेणारा माणूस म्हणजे खुळा समजला जायचा. पन्नास रुपयांत कॉपी केलेली डीव्हीडी मिळायची, वर ती लावायची कशी याची चिठ्ठी आत असायची. मी नुकता नोकरीला लागलो होतो. एकदा तरी ओरिजिनल घ्यायची म्हणून ९९९ रुपये मोजून एक खेळ घेतला. कडक पुठ्ठ्याचा डबा, आत नकाशा, पुस्तिका आणि पंचवीस अक्षरांची किल्ली. वडिलांनी बिल बघितलं आणि म्हणाले, “महिन्याचं दूध आलं असतं रे यात.” दोस्त तर दोन आठवडे हसत होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा वर आली. धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. आमच्या गल्लीत पाणी शिरायला लागल्यावर मी कॅबिनेट आणि मॉनिटर उचलून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडं पोचवला. डीव्हीडींचं खोकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिलं ते राहिलंच. पाणी उतरल्यावर घरात गेलो तेव्हा पुठ्ठ्याचा लगदा झाला होता, नकाशा भिंतीला चिकटला होता आणि चकतीवर बोटभर जाडीचा गाळ होता. मी ती चकती नळाखाली धरली, भांडी घासायचा साबण लावून आतून बाहेर सरळ रेषेत पुसली आणि कॉटवर पंचावर वाळत टाकली. किल्ली डायरीत उतरवून ठेवली होती, आणि डायरी वर गेली होती.

चार दिवसांनी लावून बघितलं. ड्राइव्ह जरा घरघरला, मग शांतपणे वाचायला लागला. शंभर टक्के. एकही फाइल खराब नाही. आई शेजारी उभी राहून बघत होती, तिला वाटलं आता काहीतरी होणार. झालं ते असं, की खेळानं इंटरनेटवर कुणालातरी हाक मारली, पलीकडून ओ आली नाही, आणि पडद्यावर चौकट उमटली : सर्व्हरशी संपर्क होत नाही. किल्ली खरी आहे की खोटी हे तपासणारं ते मशिन विकणाऱ्या कंपनीनं कधीच बंद करून टाकलं होतं. चार दिवस पुरात बुडालेल्या चकतीचं पाण्यानं काही बिघडवलं नाही. तिला तुम्ही मारलं, तेही इतक्या लांबून.

त्याच संध्याकाळी एका दोस्ताच्या घरी त्याची पन्नास रुपयांची कॉपी सुरू झाली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर ही माझी पहिली आणि मुख्य तक्रार. बाकीच्या तिच्याच फांद्या आहेत. दुकानात माल देताना ‘विकत घ्या’ म्हणता आणि नंतर विकलेल्या मालाची नाडी स्वतःच्या हातात ठेवता. माझ्या घरात पडलेली, माझ्या पैशाची, धडधाकट वस्तू तुमच्या एका निर्णयानं मरते, आणि त्याची भरपाई म्हणून आभाराचा मेल येतो.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. त्यात एकट्यानं गाडी चालवत हिंडायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचा, त्यामुळं त्या दिवसानंतर तो कुणालाच खेळता येईना. यावरून रॉस स्कॉट नावाच्या एका माणसानं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ सुरू केली. युरोपात त्यांनी सह्या गोळा केल्या, जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त झाल्या. दहा लाख लोक एका मोटारीच्या खेळासाठी सही करत नाहीत. प्रत्येकाच्या कपाटात अशी एखादी चकती पडलेली असणार.

तुमची बाजू मला कळते. सर्व्हर फुकट चालत नाही, त्याला वीज लागते, माणसं लागतात. शंभर लोक खेळत असताना लाखभर लोकांचा खर्च कशाला करायचा? बरोबर आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असं मी म्हणत नाही, कुणीच म्हणत नाही. मी ज्या धंद्यात आहे तिथली एक गोष्ट सांगतो, म्हणजे काय म्हणतोय ते समजेल.

फौंड्रीत पॅटर्न म्हणून एक चीज असते. ज्या आकाराचं कास्टिंग पाहिजे त्याचा लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा नमुना. तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात लोखंड ओततात. हा पॅटर्न बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या पैशानं झालेला असतो आणि गिऱ्हाइकाचाच असतो. एखाद्या फौंड्रीनं काम बंद केलं, तर गिऱ्हाईक टेम्पो लावतं, शिरोलीतून पॅटर्न उचलतं, गोकुळ शिरगावला नेतं आणि तिथं ओतून घेतं. बंद पडणारा फौंड्रीवाला पॅटर्नवर घण घालून निघून जात नाही. गेला तर उद्या त्याला इथं कुणी दारात उभं करणार नाही.

गावाकडं आमच्या विहिरीवर आजोबांच्या वेळचं एक ऑइल इंजिन आहे, कोल्हापुरातच झालेलं. एके काळी इथल्या कारखान्यांनी शेतीसाठी अशी इंजिनं भरपूर बनवली. त्या इंजिनाच्या अंगावर ज्या कारखान्याचं नाव ओतलंय तो आता नाही. मोटर बसल्यापासून त्याला रोजचं काम उरलं नाही, पण लाइट चार दिवस आली नाही आणि ऊस मान टाकायला लागला की चुलते हँडल मारतात, ते दोन-तीनदा खोकतं आणि चालू होतं. रिंगा झिजल्या तर उद्यमनगरात मिळतात. नाही मिळाल्या तर लेथवाला करून देतो. तुमच्या पद्धतीनं बघायला गेलं तर कारखाना बंद पडला त्या दिवशी विहिरीवरचं इंजिनही थांबायला पाहिजे होतं.

तेव्हा पहिली मागणी अशी : दुकान बंद करा, पण जाताना पॅटर्न देऊन जा. शेवटचा अपडेट असा सोडा की एकट्यानं खेळायचा भाग सर्व्हरशिवाय चालेल. मिळून खेळायचा खेळ असेल तर सर्व्हरचा प्रोग्रॅम लोकांच्या हवाली करा, ज्यांना हौस आहे ते आपल्या घरच्या मशिनवर चालवतील. हे होत नाही असं सांगू नका. ‘डूम’ हा बंदुकीचा खेळ १९९३ ला आला आणि १९९७ च्या अखेरीला त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, बनवणाऱ्यांनीच लोकांना दिला. आज तो खेळ चालत नाही असं यंत्र शोधायला लागतं. खुद्द युबिसॉफ्टनं पुढं ‘द क्रू २’ ला २०२५ मध्ये ऑफलाइन खेळायची सोय करून दिली. म्हणजे आरडाओरडा झाला की होतं. आरडाओरडा व्हायच्या आधी करा एवढंच.

आणि हे जमणारच नसेल तर पैसे परत द्या. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. अर्धा महिनासुद्धा टिकला नाही. पण त्यांनी घेतलेले पैसे परत केले. फसलेला धंदा कुणाचाही असू शकतो, गिऱ्हाइकाच्या पैशाचा हिशोब चुकता केला तर माणूस चार शिव्या कमी देतो.

दुसरी तक्रार बटणावरच्या शब्दाची. तुम्ही ‘बाय’ लिहिता. अटींच्या चाळीस पानांत कुठंतरी लिहिलेलं असतं की हा फक्त वापरायचा परवाना आहे, आणि तो आम्ही कधीही काढून घेऊ. कॅलिफोर्निया राज्यानं यावर कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला : परवाना देत असाल तर विकत घ्या म्हणू नका, म्हणायचं असेल तर हा परवाना आहे हे ठळक सांगा. तो लागू व्हायच्या आधीच स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानानं पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. प्रामाणिकपणा कायद्यानं शिकवावा लागला, तरी शिकले हे बरं. जीओजी नावाच्या तशाच दुसऱ्या दुकानाचे लोक पहिल्यापासून इन्स्टॉलरची फाइलच हातात देतात. ती हार्ड डिस्कवर ठेवा, पेन ड्राइव्हवर ठेवा, उद्या जीओजी राहो न राहो. म्हणजे विकायची सरळ रीतही जगात आहे, आणि तिनं धंदा होतो.

आमच्याकडं घर भाड्यानं देताना अकरा महिन्यांचा करार करतात. भाडेकरूला पहिल्या दिवशी माहीत असतं की अकरा महिने. तुम्ही साडेतीन-चार हजार रुपये घेता आणि मुदतच सांगत नाही. ती सांगा. डब्यावर, पानावर, किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा : हा खेळ किमान अमुक तारखेपर्यंत चालेल. मग घ्यायचा की नाही ते आम्ही ठरवू.

तिसरी गोष्ट इंटरनेटची. तुमच्या हापिसात बसून वाटत असेल की जगात सगळीकडं ते नळासारखं येतं. नळाचं म्हणाल तर आमच्याकडं तोसुद्धा दिवसाआड येतो. जुलैमध्ये राधानगरीकडं पाऊस धरला की इथं लाइट जाते, कुठंतरी झाड पडून केबल तुटते. घरात इन्व्हर्टर आहे, मशिन चालू आहे, मी एकटा आहे, एकट्यानं खेळायचा खेळ आहे, आणि तो म्हणतो लॉगिन करा. कशाला? माझ्याच घरात शिरताना मी कुणाची परवानगी काढू? २०१३ च्या ‘सिमसिटी’त हेच केलं होतं. एकट्यानं गाव वसवायचा खेळ, पण सर्व्हरशिवाय चालणार नाही. बाजारात आल्या आल्या सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक रांगेत ताटकळले. बरोबर वर्षभरानं ऑफलाइनची सोय आली. आधी का नव्हती, याचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आणि लॅन, म्हणजे एका खोलीतली मशिन थेट वायरीनं जोडून खेळणं? ते तर तुम्ही बोळकांडीत नेऊन गाडलं. आमची पिढी राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत वाढली. तासाला पंधरा रुपये, सहा मशिन एका वायरीत जोडलेली, ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’. इंटरनेट बंद असलं तरी कॅफेवाल्या दादाचा धंदा चालू, कारण खेळाला बाहेरच्या जगाची गरजच नव्हती. २०१० ला ‘स्टारक्राफ्ट २’ आला आणि त्यात लॅनच नव्हतं. एका खोलीत बसलेल्या दोघांनाही कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून यायला लागायचं. गंगावेशीतून रंकाळ्याला जायला व्हाया पुणे! पुढं बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला.

यात डाउनलोडचं दुखणं वेगळंच. पन्हाळ्याच्या बाजूला एका गावात माझा भाचा राहतो. तिथं फायबर पोचलेली नाही, मोबाइलवर दिवसाला दोन जीबी मिळतात. शंभर जीबीचा खेळ उतरवायचा तर पन्नास दिवस, आणि तेवढ्या दिवसांत घरातल्या बाकीच्यांनी फोनवर काहीच बघायचं नाही. एक्कावन्नाव्या दिवशी तीस जीबीचा अपडेट. मग तो दर शनिवारी एसटीनं माझ्याकडं येतो, हार्ड डिस्क घेऊन. मला आवडतं ते, बहीण त्याच्याबरोबर खर्डा पाठवते. पण तुमच्या कारागिरीला ते शोभत नाही. जास्त बारीक चित्रांचं पुडकं वेगळं ठेवा, ज्याला पाहिजे तो उतरवील. परदेशी भाषांतले आवाज वेगळे ठेवा. इथं जर्मन संवाद ऐकत कुणी खेळत नाही.

आता विंडोजकडं येतो. इथं थोडक्यात सांगतो, कारण हा विषय निघाला की माझा रक्तदाब वाढतो.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद झाले. विंडोज ११ पाहिजे तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशिनमध्ये पाहिजे आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे. सातव्या पिढीचा कोअर आय-सेव्हन २०१७ सालचा, विंडोज ११ आली २०२१ ला. चार वर्षांचा घोडा, अजून टांग्याला जोडलेला, त्याला तुम्ही पांजरपोळात धाडलंत. तो चालत नाही म्हणून नव्हे, तुमच्या यादीत नाही म्हणून. एक वर्ष जादा अपडेट घ्यायची सोय काढलीत, तर युरोपातल्या लोकांना ती फुकट, आणि आम्हांला एकतर तीस डॉलर, नाहीतर तुमचे बक्षिसाचे पॉइंट, नाहीतर खातं उघडून सेटिंग तुमच्याकडं ठेवायचं. युरोपातल्या मशिनला व्हायरस जास्त चावतो का? मागणी साधी आहे : जे तिकडं फुकट दिलंत ते इकडंही त्याच अटीवर द्या.

गल्लीतल्या चार जुन्या मशिनवर मी विंडोजऐवजी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकून दिलं. स्टीमच्या प्रोटॉन या प्रोग्रॅममुळं २०१८ पासून विंडोजचे पुष्कळ खेळ त्यावर चालतात, आणि चांगले चालतात. पण इथं तुमच्यातली खेळवाली मंडळी काठी घेऊन उभी. खेळातली लबाडी पकडायच्या नावाखाली तुम्ही जे पहारेकरी प्रोग्रॅम बसवता, ते थेट कर्नलमध्ये, विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे घराच्या माजघरात नाही तर पार देव्हाऱ्यात. लिनक्सवर ते बसत नाहीत म्हणून खेळच बंद. ‘एपेक्स लेजेंड्स’ लिनक्सवर चालत होता, ३१ ऑक्टोबर २०२४ ला तो दरवाजाही लावला.

ऑनलाइन खेळात भिंतीपलीकडचं बघणारे लबाड असतात, त्यांचा मलाही राग आहे. रोज त्यांच्या हातून मरतो. पण कर्नलमधल्या एका चुकलेल्या फाइलनं काय होतं ते १९ जुलै २०२४ ला जगानं बघितलं. क्राउडस्ट्राइक कंपनीचा तो अपडेट खेळाचा नव्हता, सुरक्षेचा होता, आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिन निळ्या पडद्यावर जाऊन बसली. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. ते काम करणारी तर सुरक्षेतली मुरलेली माणसं होती. तुम्ही बंदुकीच्या खेळासाठी तेवढीच खोल किल्ली मागता. पहारेकरी ठेवायचाच असेल तर खेळ चालू असेपर्यंत ठेवा, खेळ बंद केला की त्यानंही घरी जावं. आणि तो ठेवणार आहात हे पैसे घेण्याआधी सांगा.

राहिले कार्डवाले. त्यांना आधी गंगावेशीत घेऊन जातो.

तिथं दूध कट्टा आहे. संध्याकाळी म्हशी येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. पाणी घातलं का, कालचं आहे का, असा प्रश्नच येत नाही. आता हेच तुमच्या खोक्यांना लावून बघा. २०१७ ला एनव्हिडियाचं जीटी १०३० नावाचं कार्ड आलं, कमी पैशातल्या मशिनसाठी चांगलं. त्यात जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला ४८ जीबीचा वेग. पुढच्या वर्षी त्याच नावानं दुसरं आलं, आत साधी डीडीआर४, वेग १६.८ जीबी. नाव तेच. खेळात जमीनअस्मानाचा फरक. ज्याच्याकडं पैसे कमी तोच हे कार्ड घेणार, आणि त्यालाच बारीक अक्षरं वाचायला लावायची! २०२२ ला त्याच कंपनीचा ४०८० या एकाच नावाखाली १२ आणि १६ जीबीची दोन वेगवेगळी कार्डं आणायचा घाट होता. लोकांनी इतकी हुर्यो उडवली की १२ वालं मागं घेतलं आणि नंतर दुसऱ्या नावानं आणलं. म्हणजे नाव बदलायला कळतं तुम्हांला. श्रीमंताचं कार्ड असलं की लवकर कळतं, एवढाच फरक.

आणि ती आठ जीबी! जीटीएक्स १०७० मध्ये २०१६ ला आठ जीबी होती. २०२५ च्या आरटीएक्स ५०६० मध्येही आठच. मान्य आहे, पहिलं वरच्या दर्जाचं होतं आणि दुसरं मधल्या, आणि नव्याचा चिप कितीतरी वेगवान. पण मधल्या नऊ वर्षांत खेळांची चित्रं किती फुगली ते तुमच्याच शेजारच्या खुर्चीतल्या खेळवाल्यांना विचारा. चिपमध्ये दम आहे आणि मेमरी भरली म्हणून खेळ अडखळतोय, म्हणजे पैलवान आखाड्यात आणि लंगोट दोन नंबर लहान. कार्डवाल्यांकडं मागणी एकच : आत वेगळं असेल तर नाव वेगळं ठेवा. मेमरी किती आणि कोणती हे खोक्याच्या दर्शनी बाजूला, मोठ्या अक्षरात.

एक गोष्ट राहिली, आणि ती कोल्हापूरकर म्हणूनच सांगायची आहे. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा स्वतः जुळवला, आणि मूकपट केले. त्या मूकपटांतले बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. फिल्म जळल्या, विरघळल्या, कुणी जपल्या नाहीत. तेव्हाच्या लोकांना दोष देत नाही, पुढं त्याचं मोल होईल हे त्यांना कसं कळावं? तुम्हांला मात्र कळतंय. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ ला मोजून सांगितलं की तिथं २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मार्गानं मिळत नाहीत. आमच्या चित्रपटांना वाळवी लागली. तुम्ही तर स्वतःच्या हातानं बटण दाबताय.

सरकारलाही दोन ओळी, कारण प्रत तिकडं जाणार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी घातली, ते चांगलंच झालं, त्यात घरं बुडालेली मी बघितली आहेत. पण पैसे देऊन घेतलेला खेळ विकणाऱ्यानं परस्पर बंद केला तर गिऱ्हाइकानं काय करायचं, हे त्यात नाही. नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांना फसवणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’चे तेरा प्रकार तुम्ही जाहीर केलेत. ‘विकत घ्या’ लिहून भाड्यानं देणं, हा चौदावा धरावा अशी विनंती आहे. कार्डवाल्यांचा प्रश्न त्याहून सोपा, वजनमापाच्या साहेबांनाही सुटेल.

मी यापुढंही खेळ विकत घेणार आहे. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती आल्या, न आवडलेला खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल तर घेतल्यापासून चौदा दिवसांत परत करता येतो, याचं मला कौतुक आहे आणि त्यामुळंच कॉपीचा नाद सुटला. पण ज्या खेळावर चालायची मुदत लिहिलेली नाही, आणि जो एकट्यानं खेळायलाही लॉगिन मागतो, तो या दिवाळीपासून पूर्ण किमतीला घ्यायचा नाही, असं आम्ही गल्लीतल्या नऊ जणांनी ठरवलंय. नऊ म्हणजे काहीच नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे.

उत्तर द्यायचं असेल तर कृपया उत्तर घेणाऱ्या पत्त्यावरून द्या.

आपला,
शाहूपुरी, कोल्हापूर येथील एक गिऱ्हाईक

प्रत माहितीसाठी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

ता. क. : दिवाळीत पाडव्याच्या रात्री आमच्याकडं ‘एज ऑफ एम्पायर्स २’ आहे. १९९९ चा. चार मशिन आहेत, आठ पोर्टचा स्विच आहे, वायरी मी देतो. तुमच्यापैकी कुणी आलं तरी चालेल, फक्त मॉनिटर आपला आणा.